लोखंडाचं काजळ

ये गं, अशी जवळ सरक. सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखी कशाला बसतेस? आणि तो फोन उपडा ठेव, तो काही पळून जात नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलीस ते बरं केलंस, पण दारात पाऊल टाकता टाकता काय म्हणालीस? "मावशी, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, मग ब्लड टेस्टचे काही फनी किस्से लिहा ना." अगं, लॅब म्हटलं की तुम्हा पोरांना रक्त आणि लघवी यापलीकडे काही सुचतच नाही का? इतकी वर्षं एका गावात राहतो आपण. कधी विचारलंस का, की मावशी, तुम्ही तिथे नक्की करायचात काय?

लेसरने लोखंडाची वाफ करायचे. तूच टाइप करणार आहेस, तेव्हा मी बोलते तसंच लिहून देते. शुद्धलेखनाचं तुझं तू बघ.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या ह्यांना इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळ, नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मी मनमाडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मुलगा शाळेत जायला लागला तसं घर खायला उठलं. जवळच्या विद्यापीठात केमिस्ट्रीच्या इमारतीत काचेची भांडी धुवायला माणूस हवं होतं, मी गेले. भांडी धुताना पलीकडच्या बंद खोलीतून सारखं टकटकटकटक ऐकू यायचं, घड्याळाला ताप भरावा तसं. मी विचारायचे, हे काय वाजतंय? तो दारावरचा लाल दिवा कशाला? ती धुक्याची बादली कुठे चालली? त्या लॅबचे प्रोफेसर ओल्सन साहेब उत्तरं देऊन देऊन थकले. एक दिवस म्हणाले, "शालू, तू आतच कामाला ये. निदान माझा घसा तरी वाचेल." अशी मी टेक्निशियन झाले. मला कुणी शिकवलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनीच शिकवलं, कारण मी कुणालाच सोडलं नाही.

आता काम काय होतं ते सांगते. काजळ कसं धरतात ते पाहिलंयस? नाहीच पाहिलेलं. खाली एरंडेलाचा दिवा लावायचा, दोन बाजूंना काहीतरी टेकू देऊन वर एक ताट उपडं घालायचं, आणि ताटाच्या पाठीवर ओलं फडकं ठेवायचं. धूर वर जातो, गार ताटाला लागतो, तिथे काजळ बसतं. ते बोटाने पुसून घ्यायचं, तुपात कालवायचं, हवा तर कापूर घालायचा, की झालं.

आमची लॅबमधली पोलादी पेटी म्हणजे हेच. दिव्याच्या जागी लोखंडाची चकती, ज्योतीच्या जागी लेसर. वरच्या ताटाच्या जागी जाड तबकडी, आणि ओल्या फडक्याच्या जागी द्रव नायट्रोजन, जो ओतला की सगळीकडे धुकं. लेसरचा झटका चकतीवर बसला की टिंबाएवढ्या जागेतलं लोखंड वितळत-बितळत बसत नाही, एकदम वाफच होतं. पेटीत हवा नसते, हेलियम भरलेला असतो आणि त्यात चवीपुरता ऑक्सिजन. वाफ वर जाता जाता गार होते, तिचे कण बनतात, आणि ऑक्सिजनमुळे प्रत्येक कणावर गंजाचं पातळ साल चढतं. भुईमुगाचा दाणा आणि त्यावरचं साल असतं ना, तसं. आत धातू, बाहेर धातूचा गंज. केवढे दाणे? डोक्यावरचा एक केस घे. त्याच्या जाडीत असे हजारो दाणे ओळीने उभे राहतील. ते सगळे वरच्या तबकडीला कोळ्याच्या जाळ्यासारखे लोंबायचे. संध्याकाळी पेटी उघडून मऊ ब्रशने झाडून घ्यायचे. दिवसभर यंत्र बडवलं की चिमूटभर काळी पूड. कुणी शिंकलं तर आजचा पगार हवेत.

पहिल्याच दिवशी पेटी बघून मी म्हणाले, हे तर काजळ धरणं आहे. साहेबांना सांगायला गेले, पण "धरणं" इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणाले, "वुई होल्ड काजळ." त्यांना गंमत वाटली, आणि लॅबमध्ये तोच शब्द रुळला. आज होल्ड करायचं का, उद्या कोण होल्ड करणार, असं सगळे बोलायला लागले. मग एकदा आम्हाला ग्रँट देणाऱ्या लोकांचा फोन आला, काम कसं चाललंय विचारायला. साहेब नव्हते. ऑफिसातल्या बाईने आनंदाने सांगितलं, "गेला महिनाभर एव्हरीथिंग इज ऑन होल्ड." तिकडचा माणूस दुसऱ्या दिवशी विमानाने हजर. साहेबांनी त्याला पेटी दाखवली, पूड दाखवली, तरी त्याचं एकच, मग थांबवलंय काय? शेवटी मला बोलावलं. मी त्याला काजळ समजावलं. तो गेला, पण मला नाही वाटत त्याचं समाधान झालं.

तेव्हा विशाखा आमच्याकडे पीएचडी करत होती. नागपूरची पोरगी, हुशार आणि तिखट. मला मावशी म्हणायची आणि माझ्या हातची पूड कमी पडली की सासूसारखी बघायची. तिचा नवरा सुबोध याला ओहायोत डब्लिनला नोकरी लागलेली, ही इथे मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटमध्ये. त्यात बाळ झालं, मुलगी. बाळंतपणाला तिची आई आली, कमलताई. कमलताईंचं परतीचं तिकीट ठरलेलं होतं. त्या जायच्या आत विशाखाचा डिफेन्स, म्हणजे थिसीसची शेवटची तोंडी परीक्षा, व्हायला हवा. झाला की बाळाला घेऊन ती डब्लिनला नवऱ्याकडे. नाही झाला, तर आई नागपूरला, नवरा ओहायोला, आणि ही तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन एकटी लेसरसमोर. बाळाला लेसरच्या खोलीत नेता येत नाही, हे सांगायला नकोच.

कमलताईंना या सगळ्याची चिंता होती, पण त्याहून मोठी चिंता होती ती काजळाची. "अव शालूताई," मला म्हणाल्या, "बिना काजळाचं लेकरू म्हणजे बिना फोडणीचं वरण. दिसाले तरी काही पायजे का नाही?"

पण डॉक्टरने सांगितलेलं, बाळाच्या डोळ्यात काहीही घालायचं नाही. आणि सुबोध फोनवरून तत्त्वाची बाजू सांभाळायचा. तीट, काजळ, दृष्ट असलं काही आपल्या घरात चालणार नाही, बाबासाहेबांचं नाव घेतो आपण.

"मी कुठं नजर-बिजर मानतो?" कमलताई मला म्हणायच्या. "बावीस प्रतिज्ञा मले त्याच्या आधीपासून पाठ आहेत. पण लेकराचे डोळे मोठे दिसले त त्यात अंधश्रद्धा कुठून आली?"

एक दिवस विशाखा बाळाला तपासायला घेऊन गेली आणि कमलताईंनी संधी साधली. घरात पेटवापेटवी नको, म्हणून त्यांनी डोकं चालवलं आणि दिवा बाथरूमच्या टबात लावला. दोन्हीकडे सूपचे डबे, वर स्टीलचं ताट. पुढचं तुला कळलंच असेल. धुराचा भोंगा वाजला, सगळी इमारत बाहेर, आणि लालभडक बंब दारात. मला विशाखाच्या शेजारणीने फोन केला म्हणून मी धावले. बघते तर हेल्मेट घातलेला सहा फुटी फायरमन हातात कुऱ्हाड घेऊन टबापाशी उभा, आणि कमलताई पदर खोचून ताटाची राखण करतायत. विशाखाने त्यांना एकच इंग्रजी वाक्य शिकवलं होतं, ते त्या तोंडावर मारत होत्या. "नो प्रॉब्लेम. नो प्रॉब्लेम."

फायरमनने मला विचारलं, "मॅडम, जळतंय काय?"

मी म्हणाले, "आय मेकअप."

"ह्या मेकअप जाळतायत?"

"जाळत नाहीत, करतायत."

त्याने टबाकडे बघितलं, कमलताईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दिवा विझवून म्हणाला, "माझी बायको हे दुकानातून आणते." आणि गेला.

विशाखाने घर डोक्यावर घेतलं. ते ताट तिने स्वतः घासलं. पुढच्या आठवड्यात कमलताईंनी बाल्कनीत कुंड्यांच्या आड पुन्हा काजळ धरलं. ठेवायला डबी मात्र माझ्याकडे मागितली. तुला माहीत नसेल, तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचे आणि ते काळ्या डबीतून यायचे, वर करडं झाकण. आमच्या पिढीने त्यात केशर ठेवलं, वेलदोडे ठेवले, सुटी बटणं ठेवली, फेकली मात्र एकही नाही. लॅबमध्ये आमची पूडही आम्ही त्यातच ठेवायचो. मी एक डबी दिली. हाताशी होतं तेच देणार ना?

आता लक्ष दे. विशाखाच्या थिसीससाठी एक शेवटचं सॅम्पल हवं होतं. ते मी धरून ठेवलं होतं, झाकणावर तिचा नंबर घातला होता. दुसरं लगेच करता येणार नव्हतं, कारण त्यानंतर लेसरचा दिवा गेला आणि नवा यायचा होता. डबी घेऊन मला दुसऱ्या कॅम्पसवर जायचं होतं, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. वाटेत विशाखाचं घर, म्हणून डिंकाचे लाडू द्यायला थांबले.

विशाखा म्हणाली, "मावशी, बघू ना सॅम्पल. किती दिवसांत लॅबचं तोंड पाहिलं नाही मी." तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबी उघडली, आत बघितलं, आणि तेवढ्यात बाळ रडलं. ती बेडरूमकडे पळाली, मीही तिच्या मागे, बाळाला बघायला. टेबलावर डबी उघडी, झाकण शेजारी. स्वयंपाकघरात कमलताई एकट्या.

त्यांनी काय केलं असेल? लेक आत गेलीय तोवर काजळ तुपात कालवून घेऊ म्हणून आपली डबी काढली, उघडली, तीही टेबलावरच ठेवली. आणि विशाखाची पावलं वाजली. घाईघाईत जी हाताला लागली ती डबी, जे हाताला लागलं ते झाकण, दाबलं आणि कमरेला खोचलं. मी आले तर टेबलावर एक डबी आणि एक झाकण. झाकणावर माझ्या अक्षरात नंबर. लावलं, पर्समध्ये टाकलं, निघाले. दोन्हीतली पूड काळीच. काळ्याला काय तोंड असतं?

मायक्रोस्कोप चालवायचा वॉल्टर. उंच, वाकलेला, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. यंत्राशी मात्र पुटपुटायचा. पूड स्पिरिटमध्ये ढवळायची, तिचा एक थेंब सुईच्या टोकाने इवल्याशा जाळीवर सोडायचा, वाळला की आत घालायचा. तो बघून म्हणाला, "सुंदर. गोळ्यांच्या माळा आहेत." मी खूश. मग त्याने त्यात कोणता धातू आहे ते तपासलं, आणि पुन्हा एकदा तपासलं.

"शालू, यात लोखंड कुठे आहे?"

"म्हणजे?"

"सगळा कार्बन आहे. लोखंड नावालाही नाही."

क्ष-किरणांच्या यंत्रात घातलं. प्रत्येक स्फटिकाच्या स्वतःच्या रेघा उमटतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या, त्यावरून कोण आहे ते कळतं. इथे एकही रेघ नाही. नुसता एक पसरट उंचवटा, म्हैस बसल्यासारखा.

साहेबांचा चेहरा उतरला. कार्बन आला कुठून? एकच वाट दिसत होती. पेटीतली हवा ओढणाऱ्या पंपात तेल असतं, ते तेल उलटं पेटीत येत असणार. आणि तसं असेल तर आजचंच सॅम्पल नाही, आधीचीही सगळी संशयात. आम्ही पेटीचा बोल्ट न् बोल्ट खोलला. मी अॅसिटोनने पुसत बसले, आणि जितकं पुसावं तितकं स्वच्छच निघत होतं, हे आणखी वाईट. चुंबक लावून बघावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डबीवर नंबर होता, मग डबी खरी आणि पेटी खोटी, असं सगळ्यांनी धरून चालवलं. शिकलेल्यांनी आणि मीही.

विशाखाचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं लाइन खराब आहे. "मावशी, माझं सगळं काम तेलाचंच असेल का हो?"

मी म्हणाले, "नाही गं." दुसरं काय म्हणणार? मला तरी कुठे माहीत होतं?

अशात रविवारी बाळाचं नामकरण आलं. सुबोध डब्लिनहून रात्रभर ड्राइव्ह करून आला. अपार्टमेंटमध्ये चटया अंथरल्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. कमलताई हळूच मला म्हणाल्या, "आता कसा भोंगा नाही वाजत?" त्रिशरण-पंचशील झालं. ओल्सन साहेबही आले होते, चटईवर मांडी घालायची म्हणून निम्मा वेळ पाय शोधत बसले. नाव ठेवलं मेत्ता.

साहेब भारावून गेले. "मेटल? विशाखा, मला अभिमान वाटतो तुझा."

"मेत्ता, सर. पाली शब्द आहे. लव्हिंग काइंडनेस."

"अच्छा," साहेब म्हणाले. थोडे नाराज झाले असावेत.

मग सुबोधने उभं राहून छान भाषण केलं. या मुलीला आम्ही डोळसपणे वाढवू, या घरात तीट-दृष्ट-गंडेदोरे याला थारा नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. कमलताईंनीही वाजवल्या, जरा जास्तच.

जेवणं चालू असताना साहेब विशाखाला बाजूला घेऊन बोलत होते. मला ऐकू येत होतं. कार्बन कुठून आला ते कळेपर्यंत डिफेन्स पुढे ढकलावा लागेल, तुझी चूक नाही, पण कमिटीपुढे आपण असे कसे जाणार. ती मान हलवत होती. हातातल्या ताटलीतली पुरी तशीच होती.

तेवढ्यात कमलताईंनी मला ओढून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. "शालूताई, या अमेरिकेतल्या एरंडेलात काही दम नाही. माझं काजळ बिघडलं."

"कसं बिघडलं?"

"खालीच पडत नाही. डबी उलटी करा, सुलटी करा, एका बाजूला जाऊन चिकटून बसलंय. मले त वाटते काजळालेच नजर लागली."

"ठेवली कुठे होतीत डबी?"

त्यांनी फ्रीजची कड दाखवली. कुपनं अडकवायला विशाखाने तिथे मोठं चुंबक लावलं होतं, त्याच्या मागच्या फटीत यांनी डबी खोचून ठेवलेली. मी डबी हातात घेतली. झाकणावर काही नाही. उघडली. पूड एका भिंतीला अशी चिकटलेली, जशी सासुरवाशीण माहेरच्या दाराला. मी फ्रीजवरचं चुंबक काढलं आणि डबीच्या बाहेरून फिरवलं. काळी पूड आतून त्याच्या मागे मागे चालायला लागली, उंदराच्या शेपटीसारखी.

कमलताई मागे सरकल्या. "बाप्पा, माझ्या काजळात जीव आला."

"कमलताई, हे काजळ नाही. हे लोखंड आहे."

"आणि माझं काजळ?"

"ते कॉलेजात गेलंय."

दार उघडलं तर साहेब तिथेच उभे, वाटी ठेवायला आलेले. त्यांनी माझ्या हातातलं चुंबक बघितलं, मागे चालणारी पूड बघितली, आणि श्रीखंडाची वाटी ओट्यावर ठेवायची ती सिंकमध्ये ठेवली.

"हे कुठून आलं?"

कमलताई म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम."

मी सगळं सांगितलं. एरंडेलाचा दिवा, ताट, ओलं फडकं, दोन डब्या, दोन झाकणं. साहेब ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हणजे वॉल्टरच्या मायक्रोस्कोपमध्ये काय आहे?"

"एरंडेल, सर."

ते तिथेच स्टुलावर बसले आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. विशाखा आवाज ऐकून आली, तिला मी डबी दाखवली, चुंबक फिरवलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले, डोळे भरून आले, आणि मग एकदम हात खाली आले. "आई. तू हे मेत्ताला लावलंस?"

"डोळ्यात नाही व माय. तळपायाले. एकच टिकली. सुबोधरावाले दिसू नये म्हणून."

दारात सुबोध उभा. नुकतंच भाषण केलेला माणूस. बाळाचा मोजा काढला तर गुलाबी तळव्यावर तुपातली काळी टिकली. त्याने सरळ डॉक्टरला फोन लावला. पलीकडून विचारलं, काय लावलंय? हा म्हणाला, आयर्न ऑक्साइड, अगदी बारीक. "मेकअपमध्ये असतं ते?" "नाही, लेसरने केलेलं." मग डॉक्टरने सांगितलं, साबणाने धुवा, खरचटलेलं नसेल तर काळजी नाही, आणि पुन्हा लेसरचं काही लावू नका. कमलताईंनी स्वतः पाय धुतला. धुताना पुटपुटत होत्या, माही लोखंडाच्या पायाची.

सोमवारी मी डबी दोन्ही हातांत धरून वॉल्टरकडे गेले. कुठेही थांबले नाही, कुणाला लाडू दिले नाहीत. वॉल्टरने बघितलं. दाणे, आणि प्रत्येक दाण्याभोवती साल. लोखंडाच्या रेघा उभ्याच्या उभ्या. कार्बन नाही. पंप निर्दोष, पेटी निर्दोष. आम्ही ती उगाचच इतकी घासली होती. आधीची सगळी सॅम्पल सुटली. एक चिमूट गेली होती तुपात, बाकीची पुरली.

वॉल्टरला मी खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही. यंत्राकडे वळून म्हणाला, "मग ते पहिलं सॅम्पल फेकू नकोस. नुसता कार्बन कसा दिसतो ते नव्या पोरांना दाखवायला बरं आहे."

डिफेन्स ठरल्या दिवशी झाला. तो खुला असतो, कुणीही बसू शकतं. मागच्या रांगेत मी, सुबोध, त्याच्या मांडीवर मेत्ता, आणि कमलताई, जांभळ्या काठाची साडी नेसून. विशाखा बोलली ते मला सगळं कळलं असं नाही, पण पडद्यावर माझी पूड आली तेव्हा मी सुबोधला कोपर मारलं. कमिटीने वाकडेतिकडे प्रश्न विचारले, तिने सरळ उत्तरं दिली. शेवटी साहेब म्हणाले, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?

कमलताईंनी हात वर केला.

विशाखाचा रंग उडाला. साहेब म्हणाले, "प्लीज."

कमलताई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हे समदं बराबर आहे पोरी. पण हे डोळ्यात घालता येते का?"

सगळी खोली विशाखाकडे बघायला लागली. कमिटीतले एक म्हणाले, प्रश्न काय आहे?

विशाखा म्हणाली, "त्या याच्या उपयोगाबद्दल विचारतायत." मग आईकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "अजून नाही, आई. त्याच्यावर आणखी काम करावं लागेल."

"मंग कर," कमलताई म्हणाल्या आणि बसल्या.

कमिटीतल्या त्या गृहस्थांनी विचारलं, आजी समाधानी आहेत का? साहेब म्हणाले, "त्या आहेत. तेव्हा आपणही व्हायला हरकत नाही." दारं बंद करून त्यांनी आपापसात बोलून घेतलं आणि विशाखाला आत बोलावलं ते डॉक्टर म्हणूनच. ठरल्या तिकिटाने कमलताई नागपूरला गेल्या, विशाखा आणि मेत्ता डब्लिनला.

त्या पेटीचं पुढे काय झालं, विचारू नकोस. साहेब निवृत्त झाले, नवीन माणसाने नवीन यंत्रं आणली, पेटी खोलून कुठे कुठे गेली. मला वाईट वाटतं ते त्याचं नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की एरवी मी इतकं विचारायचे, पण कमलताईंना काजळात कापूर किती घालायचा ते विचारायचं राहून गेलं, आणि आता त्या नाहीत.

असो. झालं लिहून, घेऊन जा. पण अंक छापून झाला की पोस्टाने पाठवू नकोस हं, स्वतः आणून दे. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून मी दिवसभर घरीच असते, दार नुसतं लोटलेलं असतं. फोन करून वेळ ठरवत बसलात की तुमचं येणं होत नाही, तेव्हा तशीच ये, भूक घेऊन ये, आणि लवकर ये.